आधी दार शोधा : शहरातल्या नव्या सार्वजनिक वास्तूंचं प्रदर्शन कसं बघावं

२०१६ च्या फेब्रुवारीत मी आईला घेऊन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेले होते. रीगल सिनेमासमोरच्या चौकातलं ते जुनं सभागृह. तिथे 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे भारतातल्या वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. आईने आयुष्यभर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. आर्किटेक्चरशी तिचा संबंध एवढाच, की मुलगी ते शिकवते. एका नकाशापुढे ती बराच वेळ थांबली, तेव्हा मला वाटलं पाय दुखायला लागले असतील. तर मान न वळवता तिने विचारलं, "अगं, यात आत कुठनं जायचं?"

मी दार दाखवलं. मग भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून तिचं बोट हवेतच आत शिरलं, पॅसेजमधून वळलं, चौकात आलं, जिन्यापाशी थांबलं. "हां," ती म्हणाली, "म्हणजे हे बेतलेलं कापड आहे. शिवलेलं दुसरीकडे कुठेतरी उभं आहे."

नकाशा म्हणजे काय हे मी कित्येक वर्षं वर्गात शिकवते आहे, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं. आपल्या भाषेत बेत म्हणजे योजना, आणि बेतणं म्हणजे अंगाच्या मापाने कापड कापणं. आर्किटेक्ट कागदावर हीच दोन्ही कामं एकदम करत असतो.

शहरातल्या नव्या सार्वजनिक वास्तू आणि रस्ते, उद्यानं, स्थानकं यांची प्रदर्शनं अधूनमधून भरतात. कधी संग्रहालयात, कधी काळा घोडा महोत्सवात, कधी एखाद्या कॉलेजात. बघायला येतात ते बहुतेक याच क्षेत्रातले लोक. बाकीचे दारातून डोकावतात, भिंतीवर रेघाच रेघा दिसतात आणि 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून परत फिरतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या रेघांमध्ये जी शाळा असते तिच्यात त्यांचीच मुलं बसणार असतात आणि जो फूटपाथ असतो तो त्यांच्याच करातून होणार असतो. आणि ते कळायला अवघडही नाही. तासाभरात येतं. म्हणून हा लेख.

वास्तू भिंतीवर टांगता येत नाही

चित्रांच्या प्रदर्शनात समोर प्रत्यक्ष चित्र असतं. वास्तूच्या प्रदर्शनात वास्तू नसते. बसस्थानक उचलून दालनात आणता येत नाही, म्हणून त्याच्या जागी चार प्रकारचे पुरावे येतात : नकाशे, छेद, चित्रं आणि प्रतिकृती. आर्किटेक्चरवाले त्यांना प्लॅन, सेक्शन, व्ह्यू आणि मॉडेल म्हणतात; मीही पुढे तेच शब्द वापरते, कारण प्रदर्शनात तेच लिहिलेले दिसतील. या प्रत्येकाला काही गोष्टी सांगता येतात आणि काही त्याच्या आवाक्याबाहेर असतात. कोण काय लपवू शकतं हे एकदा कळलं, की प्रदर्शन उघडायला लागतं.

प्लॅन म्हणजे इमारत कमरेच्या थोडं वर आडवी कापली, वरचा भाग काढून ठेवला आणि उरलेल्याकडे वरून बघितलं तर जे दिसेल ते. जाड रेघा म्हणजे कापल्या गेलेल्या भिंती. भिंतीत मोकळी जागा आणि तिला चिकटलेली पाव वर्तुळाची कमान दिसली, की ते दार. आधी ते शोधायचं आणि माझ्या आईसारखं बोटाने आत जायचं. सरकारी दवाखान्याचा प्लॅन असेल तर केसपेपरची खिडकी कुठे, तिथून डॉक्टरांची खोली किती लांब, औषधं घ्यायला पुन्हा उलटं यावं लागतं का, आजारी माणसाला बसायला बाक आहे का, हे सगळं बोट सांगतं. यासाठी कुठल्याही पदवीची गरज नाही. तुम्ही अशा दवाखान्यात रांगेत उभे राहिलेले असाल तर ही परीक्षा माझ्यापेक्षा तुम्हीच चांगली घ्याल.

दुसरं म्हणजे सोबत एक सहा इंची पट्टी ठेवा. शीटच्या कोपऱ्यात १:१०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात १०० सेंटिमीटर, म्हणजे १ मीटर. मात्र प्रदर्शनासाठी शीट लहानमोठी करून छापलेली असू शकते आणि मग तो आकडा खोटा पडतो. म्हणून त्याच्या शेजारी काळ्यापांढऱ्या चौकटींची एक छोटी मापपट्टी काढलेली असते, तिच्यावर भिस्त ठेवा. कागद ताणला की तीही तेवढीच ताणली जाते.

आता या पट्टीने करायचं काय, ते एका उदाहरणाने सांगते. अपंग व्यक्तींसाठीच्या उताराचा, म्हणजे रॅम्पचा, साधा नियम आहे १:१२. एक फूट वर चढायचं तर बारा फूट लांबी लागते. त्यापेक्षा चढ तीव्र झाला तर चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत वर नेणं माणसाला झेपत नाही आणि उतरताना ती हातातून सुटते. इमारतीच्या दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर जोतं ४५ सेंटिमीटर उंच. त्याला रॅम्प हवा ५४० सेंटिमीटर, म्हणजे ५.४ मीटर. १:१०० च्या नकाशावर तो ५.४ सेंटिमीटर भरला पाहिजे. पट्टी लावा. दोन सेंटिमीटरच भरला, तर तो रॅम्प फक्त कागदावर आहे, बांधल्यावर कोणाच्या उपयोगाचा नाही. मी विद्यार्थ्यांच्या शीटवर पहिल्यांदा हेच मोजते, आणि बांधून झालेल्या इमारतींपुढेही माझी नजर आधी तिथेच जाते.

फूटपाथचंही तसंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आपल्याकडच्या 'इंडियन रोड्स काँग्रेस' या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि तिच्यात झाड, विजेचा डीपी बॉक्स, दुकानाची पायरी काही येता कामा नये. दोन माणसं किंवा दोन खुर्च्या एकमेकांना न अडवता जाव्यात, एवढा त्यामागचा विचार आहे. आरेखनात फूटपाथ अडीच मीटर दाखवलेला असतो, आणि मग नीट बघितलं की मधोमध झाडांचे गोल असतात. गोल वजा करून उरतं ते मोजायचं.

सेक्शनपाशी थांबा

लोक सगळ्यात कमी बघतात तो सेक्शन, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक कागद तोच. केक उभा कापल्यावर आतले थर दिसतात तशी इमारत उभी कापून दाखवलेली असते. मजल्यांची उंची, पायऱ्यांचा चढ, छज्जा किती बाहेर आला आहे, पावसाचं पाणी गच्चीवरून कुठे जातं, उन्हं खिडकीतून कितपत आत येतात, हे सगळं सेक्शनमध्ये कळतं. कोकणपट्टीत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो. त्या बाजूच्या खिडकीवर वीतभर छज्जा काढलेला दिसला, तर चार महिने ती खिडकी बंद राहणार आणि आत दिवसाही दिवे लागणार, हे कागदावरच समजतं.

मुंबईतलं एक उदाहरण मला फार आवडतं. माटुंग्याला तुळपुळे उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे, २०१६ मध्ये सुरू झालेलं. पुलाखालची जागा गाड्यांना आणि कचऱ्याला न देता चालायला मिळावी म्हणून तिथल्या रहिवाशांनी चिकाटीने पाठपुरावा केला. आतला पायमार्ग नर्मदेच्या प्रवाहाच्या वळणांवरून आखलेला आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असतात आणि मध्ये म्हातारीकोतारी माणसं संध्याकाळी फेऱ्या मारतात. अशी जागा आधी कोणाला का सुचली नसेल? माझं उत्तर असं, की प्लॅनमध्ये ती दिसतच नाही. वरून बघितलं तर पुलाचा पट्टा तेवढा दिसतो, आणि त्याच्या खालचं जग त्या पट्ट्याखाली झाकलेलं राहतं. सेक्शन काढला, की लगेच दिसतं : वर रस्ता, खाली चांगली दोन-तीन माणसांच्या उंचीची सावली, कोरडी जमीन, दोन्हीकडे खांब. एक छप्पर आयतं बांधून तयार असतं. २०२२ मध्ये सेनापती बापट मार्गावरच्या पुलाखाली एमव्हीआरडीव्ही या डच कार्यालयाने आणि मुंबईच्या स्टुडिओपॉडने निळ्या रंगाचे पट्टे ओढून 'वन ग्रीन माइल' ही बसण्या-फिरण्याची जागा केली, तीही याच सावलीत सुचलेली गोष्ट.

गोव्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पणजीची कला अकादमी, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची, १९८३ ची. रस्त्याकडून तिच्या खालून चालत गेलं की आपण मांडवीच्या काठावर येतो. तिकीट काढायचं नाही, दार उघडायचं नाही. इमारतीचा फोटो कितीही सुंदर असला तरी हे औदार्य त्यात मावत नाही. सेक्शनमध्ये ते एका नजरेत कळतं.

व्ह्यूमधलं आकाश

प्रदर्शनात गर्दी असते ती रंगीत चित्रांपाशी. संगणकावर काढलेल्या या चित्रांना रेंडर म्हणतात. ती बघू नका असं मी म्हणणार नाही. जागेचा भाव कळायला त्यांचा उपयोग होतो. फक्त त्यांच्यात काय नाही ते बघायची सवय लावा. आकाश नेहमी नोव्हेंबरचं असतं. झाडं पंधरा वर्षांची असतात, जी लावल्या दिवशी छातीएवढी असणार. वायर नसते, होर्डिंग नसतं, भाजीवाली नसते, झाडूवाला नसतो. स्टेशनाबाहेरच्या चौकाच्या रेंडरमध्ये सकाळी साडेनऊची गर्दी मी आजवर एकदाही बघितलेली नाही. विद्यार्थ्यांना मी सांगते, की तुमच्या चित्रात एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक काठी टेकत चालणारे आजोबा आणि एक पावसाची सर टाका, आणि मग बघा तुमची जागा टिकते का. पहिल्यांदा ते हिरमुसतात. मग त्यांची आरेखनं सुधारतात.

मॉडेलपाशी सगळेच थांबतात, लहान मुलं सगळ्यात जास्त. सनबोर्ड, माउंटबोर्ड, कटर आणि फेव्हिकॉल यांच्या जोरावर रात्री जागून केलेली ही कामं असतात. १:२०० च्या मॉडेलमध्ये माणूस साडेआठ मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा. मॉडेल आपण घारीच्या नजरेने बघतो, आणि शहरात तर कोणी घारीच्या उंचीवरून चालत नाही. तेव्हा गुडघे वाकवा, डोळे टेबलाच्या कडेला आणा आणि त्या दाण्याएवढ्या माणसाला काय दिसत असेल ते बघा. वरून मोकळंढाकळं वाटलेलं पटांगण खालून नुसती भिंत दाखवतं, असं पुष्कळदा होतं.

सगळ्यात मोठं शहराचं मॉडेल म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियममधल्या 'पॅनोरमा'चं नाव घेतलं जातं. १९६४ च्या जागतिक मेळाव्यासाठी रॉबर्ट मोझेस या तिथल्या बड्या सरकारी अधिकाऱ्याने ते करून घेतलं. १ इंच म्हणजे १०० फूट या मापात आख्खं न्यूयॉर्क, सुमारे ८,९५,००० इमारतींसह, ९,३३५ चौरस फुटांवर पसरलेलं आहे. त्यात एम्पायर स्टेट बिल्डिंग सुमारे १५ इंचांची. पण ज्या मोझेसनी हे करून घेतलं, त्यांनीच महामार्गांसाठी त्या शहरातल्या वस्त्या उठवल्या. शहर वरून बघायची सवय लागलेल्या माणसाला खालची गल्ली कशी दिसेनाशी होते, ते त्यांच्या कारकिर्दीवरून समजतं.

कोणी मांडलं, काय गाळलं

आता पुन्हा २०१६ च्या त्या प्रदर्शनाकडे येते, कारण मांडणी म्हणजे काय ते तिथे चांगलं समजतं. राहुल मेहरोत्रा, रणजीत होस्कोटे आणि कैवान मेहता या तिघांनी ते योजलं होतं. एक आर्किटेक्ट-नगररचनाकार, एक कवी आणि कलासमीक्षक, एक वास्तुकलेचे अभ्यासक. भारतीय वास्तुकलेचं एवढ्या आवाक्याचं प्रदर्शन त्याआधी १९८०च्या दशकात भारत महोत्सवाच्या निमित्ताने झालं होतं : १९८५ मध्ये राज रेवाल यांनी पॅरिसमध्ये मांडलेलं आणि १९८६ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी मांडलेलं 'विस्तार'. म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत आपली शहरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, आणि त्याचा ताळा एकत्र मांडून बघायला कोणाला सवड झाली नाही.

प्रदर्शन तीन टप्प्यांत होतं. आधी या व्यवसायाची आजची स्थिती, मग स्वातंत्र्यापासूनचा इतिहास आणि शेवटी २००० नंतर बांधलेले ८० प्रकल्प. क्रम महत्त्वाचा होता. नुसते ८० सुंदर प्रकल्प टांगले असते तर माणूस 'वा, छान' म्हणून बाहेर पडला असता. पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतून चालत आल्यावर एक गोष्ट जाणवत होती. एके काळी देशातला सगळ्यात मोठा बांधकाम करवून घेणारा म्हणजे सरकार होतं. विद्यापीठं, शासकीय भवनं, वसाहती, नवी शहरं त्याने आर्किटेक्टकडून हौसेने करून घेतली. १९९१ नंतर तो उत्साह खाजगी पैशाकडे गेला. दवाखाना, शाळा, बाजार यांसारख्या रोजच्या सरकारी इमारती चांगल्या आर्किटेक्टच्या हाताखालून जाणं कमी कमी होत गेलं. माझ्या आईने हे तिच्या शब्दांत सांगितलं : "आधी सरकार लग्नातलं पातळ घेतल्यासारखं बांधायचं, आता रोजवापरातलं घेतंय." मला वाटतं, रोजवापरातलं तरी चांगल्या पोताचं असावं, एवढी मागणी आपण करू शकतो.

ज्या इमारतीत हे प्रदर्शन होतं तीच एक उत्तम वस्तुपाठ आहे. १९११ मध्ये बांधलेला कावसजी जहांगीर हॉल, जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं वस्तुसंग्रहालयही त्यांचंच. सभा आणि मैफली होत असलेलं ते सभागृह पुढे ओस पडलं. १९९६ मध्ये बाहेरचं कवच तसंच ठेवून आत अर्धवर्तुळाकार दालनं आणि जिने घातले गेले आणि त्याचं कलादालन झालं. प्रदर्शनातल्या भिंतींवर जुन्या इमारतींच्या पुनर्वापराबद्दल जे काही सांगता येईल, ते तिथे जिना चढताना पायांना कळतं.

याच दालनात २०१२ मध्ये आर्किटेक्ट पी. के. दास यांचं 'ओपन मुंबई' झालं होतं. त्यात इमारती जवळजवळ नव्हत्याच. त्यांनी मुंबईचे नाले, खाड्या, खारफुटी, तलाव, समुद्रकिनारे आणि मैदानं एकत्र जोडून नकाशावर आणली. ज्याला आपण नाक दाबून ओलांडतो त्या नाल्याच्या दोन्ही काठांनी चालायची वाट होऊ शकते, हे त्या नकाशांनी दाखवलं. जुहूला इर्ला नाल्याच्या काठी असं काम पुढे झालंही. मी हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की प्रदर्शन म्हणजे नेहमी झालेल्या कामाचा सत्कार नव्हे. न झालेलं कामही भिंतीवर लावता येतं.

आणि त्यातून शहर उभं राहू शकतं. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईची वाढ उत्तरेला ताणत न नेता खाडीपलीकडे वळवावी ही कल्पना नकाशांसह 'मार्ग' नियतकालिकात मांडली. भिंत नव्हती, छापील पानं होती, पण काम तेच : कल्पना चारचौघांत उघडी करणं. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ती कल्पना नवी मुंबई झाली. पुढे तिचं जे झालं त्यावर आक्षेपही घेतले गेले. पण आज तिथे लाखो मराठी घरं आहेत.

सगळ्यात मोठं प्रदर्शन, ज्याला कोणी प्रदर्शन म्हटलं नाही

माझ्या आयुष्यात मुंबईकरांनी सगळ्यात बारकाईने वाचलेले नकाशे कुठल्याही कलादालनात नव्हते. ते होते फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने प्रसिद्ध केलेल्या विकास आराखड्याचे, २०३४ पर्यंतच्या. विकास आराखडा म्हणजे शहराचा वीस वर्षांचा बेत : कुठे घरं, कुठे उद्योग, कुठला रस्ता रुंद होणार, कुठल्या भूखंडावर शाळा, दवाखाना किंवा मैदानाचं आरक्षण. साधारणपणे पिवळा रंग रहिवासी वापरासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी, हिरवा मोकळ्या जागांसाठी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे असा आराखडा मंजूर होण्याआधी तो लोकांना बघायला ठेवावाच लागतो आणि हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. म्हणजे आपल्याकडे नकाशांचं सार्वजनिक प्रदर्शन कायद्याने बांधून दिलेलं आहे. संग्रहालयाच्या मर्जीवर ते अवलंबून नाही.

त्या वर्षी लोक खरोखर आले. नागरी संस्थांनी आधीपासून तयारी केली होती, विभागवार बैठका घेतल्या होत्या, किचकट प्रकरणं सोप्या भाषेत करून वाटली होती. लोकांनी आपापली गल्ली नकाशात शोधली. आणि चुका सापडत गेल्या : उभ्या इमारतींवरून ओढलेले रस्ते, चुकीच्या जागी पडलेली आरक्षणं, चुकलेली नावं. आरे कॉलनीच्या हिरवाईत बांधकामाला वाट देण्याच्या प्रस्तावावरून तर रान उठलं. काही भागांत चटईक्षेत्र निर्देशांक ८ पर्यंत वाढवण्याचा विचार होता, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम. ते पाणी, सांडपाणी आणि रस्ते कसे पेलणार हा प्रश्न सामान्य माणसांनी विचारला. हजारोंनी हरकती गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा रद्द करून चार महिन्यांत दुरुस्त करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, त्यावरही हजारो हरकती आल्या, आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. अंतिम आराखडा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या लोकांना 'तुम्हाला नकाशातलं काय कळतं' असं म्हटलं जातं, त्यांनी आपल्या दारातला रस्ता नकाशावर ओळखला आणि तो चुकलाय हे दाखवून दिलं.

आणि तरी अशी प्रदर्शनं कशी लागतात तेही मी बघितलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या शहरात एका मंडईच्या पुनर्बांधणीचे नकाशे 'नागरिकांच्या माहितीसाठी' लावले होते. कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटाच्या वर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा दोन फूट उंच. झेरॉक्स काळवंडलेली, मजकूर सगळा इंग्रजीत, वेळ सोमवार ते शुक्रवार अकरा ते पाच. ज्या बायका पहाटे चारला उठून त्या मंडईत भाजी लावतात आणि रात्री आठला गाशा गुंडाळतात, त्यांच्यापैकी एकीलाही ते बघता येणं शक्य नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढून नेले आणि त्यांना दाखवले. त्यातल्या एका मावशींनी ओट्याच्या मापावर बोट ठेवून विचारलं, "अडीच फुटांत मी बसू का टोपल्या ठेवू?" हा प्रश्न त्या नकाशाच्या कुठल्याही बैठकीत निघाला नव्हता. ते कागद मंडईतच, पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर, मराठीत, संध्याकाळी सहानंतर लावले असते तर पहिल्याच दिवशी निघाला असता.

पॅरिसने यासाठी एक कायमची जागाच करून ठेवली आहे. पॅव्हिलियन द लार्सनाल, १८७९ च्या सुमाराची लोखंड आणि काचेची इमारत. १९८८ पासून ते शहराच्या वास्तुकला आणि नगररचनेचं माहितीघर आहे. २०१४ मध्ये तिथल्या महापालिकेने आपल्या २३ जागांसाठी कल्पना मागवल्या, आणि २०१६ मध्ये निवडलेले २२ प्रकल्प तिथे मांडले. सोबत अंतिम फेरीत मागे पडलेलेही होते. ही हरलेल्यांची शीट्स लावण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच जागेवर चार वेगळे बेत शेजारी शेजारी दिसले, की सामान्य माणसालाही तुलना करता येते, आणि 'हाच का निवडला?' हा प्रश्न आपोआप तोंडात येतो. एकच बेत टांगलेला असला तर तो मान्य करण्यावाचून काही सुचत नाही.

न्यूयॉर्कमध्ये शहराच्या मालकीच्या जागेवर काही बांधायचं तर ते १८९८ पासून एका आयोगापुढे ठेवावं लागतं. आज त्याचं नाव पब्लिक डिझाइन कमिशन. दिल्लीतही १९७३ च्या कायद्याने नगर कला आयोग आहे. मुंबईत वारसा वास्तूंसाठी समिती आहे, पण नव्याने बांधल्या जाणाऱ्या साध्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आराखड्याकडे त्या नजरेने बघणारं कोणी नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १८७२ पासून उभ्या असलेल्या, मुंबईचे जुने नकाशे आणि शहरातल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. माणसं तिथे काचेला नाक लावून बघतात. उद्याच्या मुंबईचं मॉडेलही असंच कुठेतरी, लोकल स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, फुकट बघायला असावं, असं मला फार वाटतं.

तोवर जे हातात आहे ते वापरावं. तुमच्या गावाचा किंवा शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते. हरकतीची मुदत त्याच सूचनेत लिहिलेली असते. ती तारीख आधी कॅलेंडरवर गोल करून ठेवा. नकाशा बघायला एकट्याने जाऊ नका, शेजारच्या दोघांना घेऊन जा, त्यात एक म्हातारं माणूस असू द्या, कारण पूर्वी कुठे ओढा होता आणि कुठे विहीर, हे त्यालाच माहीत असतं. पट्टी घ्या. आपलं घर शोधा, मग शाळा, मग मैदान.

हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहा : नकाशाचा शीट क्रमांक, जागेचा सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक, नकाशात काय दाखवलं आहे, प्रत्यक्षात काय आहे आणि तुम्हाला काय हवं आहे. एका कागदावर एकच मुद्दा ठेवा म्हणजे तो दुसऱ्यांच्या गर्दीत हरवत नाही. जागेचा फोटो जोडा. शेवटी 'मला सुनावणीची संधी द्यावी' हे वाक्य घाला. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं नियोजन समितीने ऐकून घ्यावं अशी कायद्यात तरतूद आहे. दोन प्रती न्या. एक तिथे द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.